टोपी खाली आली की

दि. २ एप्रिल

ती. ताईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तुझ्या पायाचं प्लास्टर इतक्यात निघत नाही असं कळलं. तुला एका जागी बसवणं आईला जन्मभर जमलं नाही, ते न्हाणीघराच्या ओल्या फरशीनं करून दाखवलं. आता बसलीच आहेस तर माझं एक काम कर.

मे महिन्यात आपल्या थिएटरला पन्नास वर्षं होतात. त्यानिमित्त एक छोटी पुस्तिका काढतोय, थिएटरचा इतिहास म्हणून. अप्पांना विचारावं तर त्यांचं हल्ली तुला माहीतच आहे. सकाळी मला नावानं हाक मारतात, दुपारी "आपण कोण?" म्हणतात आणि वर "बसा, चहा घेऊन जा" असा आग्रह करतात. विसरले तरी पाहुणचारात कमी नाही. तेव्हा तूच सांग. मी जन्मायच्या आधीचं सगळं तू डोळ्यांनी पाहिलंयस. माझ्याकडे एवढंच आहे की आजोबांनी आधी पत्र्याची शेड घातली, बाकं टाकली, चुन्यानं रंगवलेल्या भिंतीवर सिनेमा दाखवला. शेड वादळात पडली आणि मग ही पक्की इमारत उभी राहिली. ते वादळ कधीचं, कुणाला काही लागलं का, एवढं कळव म्हणजे पहिलं पान पुरं होईल.

अप्पांना मी वर हलवलंय. बाल्कनीच्या मागची खोली, जुन्या रिळांच्या कोठीला लागून आहे ती. खाली घरात ते सारखे बाहेर जायला निघायचे. वर सिनेमाचा आवाज ऐकू येतो, त्यात रमतात. एक नवीनच खोड मात्र लागलीये. दुपारचा खेळ रंगात आला की बाल्कनीच्या कठड्याशी येतात आणि डोक्यावरची टोपी काढून खाली टाकतात. नेम असा की बरोबर मागच्या दारापाशी, डोअरकीपरच्या अंगावर. तो बिचारा झटकून वर आणून देतो, तर त्याच्याकडे असे बघतात की जणू त्यानं घर बुडवलं. थोड्या वेळानं टोपी पुन्हा खाली. लोक पोट धरून हसतात. पडद्यावर कितीही रडारड असो, आमच्याकडे विनोदी प्रवेश ठरलेला.

फोन मेलाय तो मेलाच. तक्रारी करून जीभ झिजली. पत्रच पाठव.

तुझा,
बाळ


दि. ७ एप्रिल

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हसत हसत वाचायला घेतलं. टोपीपर्यंत आले आणि पत्र खाली ठेवावं लागलं. काय झालं म्हणून ह्यांनी विचारलं, तर मी लिहायला कागद मागितला.

बाळ, शेड वादळात पडली नव्हती. जळाली होती. आजोबांनी घरातल्या सगळ्यांना शपथ घातली होती की हा विषय पुन्हा निघता कामा नये. जळलेल्या सिनेमावाल्याकडे परत कोण येईल? वादळ सगळ्यांना पटतं. पुढे तू झालास, तुला वादळच सांगितलं गेलं. हळूहळू आम्हीही, आणि आमच्याबरोबर गावही, वादळच म्हणायला लागलं.

त्या काळची फिल्म आजच्यासारखी नव्हती. ठिणगी पडायचा अवकाश, भडकायची, आणि एकदा पेटली की पाण्यालाही जुमानायची नाही. आजोबांना तिची सारखी धास्ती. पण त्याहून मोठी धास्ती माणसांची. वरून कुणी 'आग' म्हणून ओरडलं तर लोक एकमेकांना तुडवतील, आगीनं मरतील त्याहून जास्त पायाखाली मरतील, असं ते म्हणायचे. म्हणून त्यांनी आपल्या थिएटरचा एक नियम केला होता. वर काही पेटलं तर ऑपरेटरनं तोंडातून शब्द काढायचा नाही. डोक्यावरची टोपी खाली टाकायची. टोपी खाली आली की डोअरकीपरनं मुकाट्यानं सगळी दारं उघडायची आणि म्हणायचं, मशीन बिघडलंय, जरा बाहेर हवा खाऊन या.

अप्पांच्या पाठचा एक भाऊ होता. हडकुळा, म्हणून त्याला सगळे बारक्या म्हणायचे. तोच मशीन चालवायचा. त्या दिवशी डोअरकीपर नवीन होता. नियम त्याला कुणी सांगितला की नाही, देव जाणे. टोपी त्याच्या पायाशी पडली. मी तिथंच त्याच्या स्टुलाशेजारी बसले होते, सात-आठ वर्षांची असेन. त्यानं टोपी उचलली, झटकली आणि शिडी चढून वर द्यायला गेला.

दारं उघडायला उशीर झाला. लोक पत्रे वाकवून बाहेर पडले, वाचले सगळे. बारक्याकाका रिळं वाचवायला परत फिरला. अप्पा बाहेर उभे होते. ते आत धावणार तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, बारक्या बाहेर आलाय, मी बघितलाय. अप्पा थांबले. काका बाहेर आलाच नव्हता.

तेव्हा हसू नकोस. अप्पांना काय दिसतंय, कसला वास येतोय, ते बघ. त्या कोठीत काय काय ठेवलंय ते आजच्या आज बघ आणि मला लिही. पक्क्या इमारतीतसुद्धा कितीतरी वर्षं तीच जुनी फिल्म चालत होती. मला इथून उठता येत नाही, नाहीतर पत्र लिहिलं नसतं, आले असते.

तुझी,
ताई


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर रागही आला. चुलता आगीत गेला आणि मला या वयात, तेही पुस्तिका काढायची ठरवली म्हणून कळतं. मी घरातला की भाडेकरू? असो. तुझ्यावर राग काढून काय उपयोग?

आता अप्पांचं कोडं सुटलं. जुनं काहीतरी डोक्यात रुतून बसलंय, ते वर येतं. डोअरकीपरला मी तुझी सगळी हकीकत सांगितली. म्हटलं, आता टोपी पडली की घाबरून दारं उघडू नकोस बाबा, नाहीतर रोजच हवा खायला जावं लागेल. तो हसला नाही. जरा भाबडाच आहे.

तुझ्या समाधानासाठी कोठीही बघितली. मोडक्या खुर्च्या, जुनी पोस्टरं, आणि अगदी आतल्या फळीवर रिळांचे डबे. गंजलेले, एक-दोन फुगलेले, झाकणं अशी बसलीत की निघता निघेनात. फळीवर तपकिरी भुकटी सांडलीय. गंज असेल, नाहीतर लाकडाला भुंगा लागला असेल. आणि एक आंबट वास. उंदीर मेला असणार. वर पत्रा आहे, एप्रिलचं ऊन, वास यायचाच. डबे मी तिथंच ठेवलेत. पन्नाशीच्या दिवशी त्यातलं एखादं रीळ लोकांना दाखवायचा बेत आहे, तोवर कुणाला सांगू नकोस.

अप्पांची कटकट मात्र वाढलीये. टोपी मी कपाटात ठेवली, तर आता स्वतःच खाली येऊन दारं उघडतात. भर खेळात पडद्यावर ऊन पडतं. परवा लोकांनी खुर्च्या आपटल्या. एक जण माझ्या अंगावर धावून आला. त्यावर मी बंदोबस्त केलाय, तू काळजी करू नकोस. पायाला जप.

तुझा,
बाळ


दि. १५ एप्रिल

ती. वन्संना,
शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी ह्यांना न सांगता लिहितेय. तुम्हाला आजवर मी पत्राच्या शेवटी दोन ओळींत नमस्कार तेवढा लिहिलाय. आज सगळं पत्रच माझं बघून दचकू नका, किंवा दचका. दचकण्यासारखंच आहे.

ह्यांनी तुम्हाला बंदोबस्त केल्याचं कळवलं असेल. काय केला ते कळवलं नसणार. दुपारचा खेळ सुरू झाला की अप्पांच्या खोलीला बाहेरून कुलूप लावतात. खेळ सुटला की काढतात. किल्ली ह्यांच्या खिशात. मी एकदा मागितली तर म्हणाले, तुला दया येईल आणि मला शिव्या बसतील.

ह्यांना वाईट समजू नका. त्या दिवशी एक माणूस ह्यांची कॉलर धरून सगळ्यांसमोर वाटेल ते बोलला. घरी येऊन जेवले नाहीत. पण वन्सं, अप्पा आतून दारावर धपाधप मारत असतात. खाली तिकिटाच्या खिडकीत बसलं तरी ते जाणवतं. सिनेमाच्या आवाजात लोकांना कळत नाही, आम्हाला कळतं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत नाही.

आणि तो वास. हे म्हणतात उंदीर. उंदराचा वास मला ठाऊक आहे, आमच्या माहेरी धान्याचं दुकान होतं. हा नाकात झोंबतो. सकाळी मी अप्पांची खोली झाडायला जाते तेव्हा त्यांचे डोळे लाल असतात. काल त्यांनी माझा हात धरला आणि भिंतीला लावला, कोठीच्या बाजूच्या. भिंत तापलेली होती. वर ऊन आहे, असेल तापलेली. पण मला भीती वाटते. रोज खेळ सुरू झाला की तो सुटेपर्यंत मी घड्याळ बघत बसते.

तुम्ही थोरल्या आहात, तुमचं ऐकतील. मी कळवलं हे मात्र कळू देऊ नका.

तुमची,
भावजय


दि. १९ एप्रिल

बाळ,

आशीर्वाद नंतर. आधी उठ आणि अप्पांच्या खोलीचं कुलूप काढ. हे पत्र पुरं वाचायलाही थांबू नकोस.

मला कसं कळलं ते विचारू नकोस. तारही केलीये, ती आधी मिळेल. तुझा फोन लागावा म्हणून ह्यांनी सकाळपासून चार वेळा एक्स्चेंजला विचारलं. लाइन खराब आहे, एवढंच सांगतात.

तो उंदीर नाही. जुनी फिल्म सडायला लागली की तिला तसाच आंबट वास येतो, तिची तपकिरी भुकटी होते, डबे फुगतात. आजोबा आम्हाला हे पाढ्यांसारखं शिकवायचे. मग उन्हाळ्यात एखाद्या दुपारी ती आपली आपण पेटते. काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. नुसतं ऊन पुरतं. अप्पांना सगळं विसरायला झालं असेल, पण त्यांचं नाक विसरलेलं नाही. ते भ्रमात टोपी टाकत नव्हते रे. ते तुम्हाला सांगत होते.

डबे उघडू नकोस, ठोकू नकोस. पहाटेच्या गारव्यात एकेक करून बाहेर काढ, लांब मोकळ्या जागेत ओल्या वाळूत ठेव आणि अग्निशामकवाल्यांना बोलाव. तोवर खेळ बंद. लोक काय म्हणतील याचा विचार करू नकोस. थिएटर गेलं तर जाऊ दे. अप्पा त्या भिंतीला लागून कुलपात आहेत, मला दुसरं काही दिसत नाही.

मी इथं पाय वर टांगून पडलेय आणि दुपार झाली की माझा जीव तिथं जातो. कळव. एक ओळ कळव.

ताई


दि. २७ एप्रिल

बाळ,

तारेचं उत्तर नाही, पत्राचं नाही. रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसते. तो आमच्या घरावरून पुढे गेला की दिवस संपतो. पेपर आला की ह्यांना आधी वाचायला लावते. तेही सगळी पानं उलटतात आणि नाही म्हणून मान हलवतात. त्या मान हलवण्यावर मी जेवते.

रागावला असशील तर रागाव. भावजयीवर रागावू नकोस, तिनं केलं ते तू करायला हवं होतंस. शिवी लिही, पण लिही. अप्पा कसे आहेत?

ताई


दि. २९ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

अप्पा आहेत. हे आधी लिहितो. माझ्या खाटेशेजारी बसलेत आणि माझं मनगट धरून ठेवलंय. उजव्या हाताला पट्टी आहे, डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं. इतके दिवस डोळ्यांवरही पट्टी होती. ही तुला कळवायला निघाली होती, मीच अडवलं; हे मीच लिहायला हवं होतं. तुझी नंतरची दोन्ही पत्रं हिनं मला इथं दवाखान्यात वाचून दाखवली.

तार आली तेव्हा खेळ चालू होता. तारवाल्यानं तिकिटाच्या खिडकीतून आत दिली. 'कुलूप काढ' वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली, कारण तुला कुणी कळवलं ते लगेच कळलं. तार खिशात टाकली. ज्या खिशात किल्ली होती, त्याच. म्हटलं, खेळ सुटल्यावर बघू.

वरचं धपधप रोजच्यासारखं चालू होतं. मग ते थांबलं. ताई, ते थांबल्यावर मला बरं वाटलं. थकले असतील, झोपले असतील, असं वाटलं. हे मी लपवणार नाही. बरं वाटलं, मी चहा मागवला, आणि अर्धा पिऊन कप खाली ठेवला. आजवर ते कधी मध्येच थांबले नव्हते. मी उठलो.

ते थांबले होते कारण हिनं बत्त्यानं कोयंडा तोडला होता. कोठीच्या भिंतीला बाहेरून हात लावून बघायला वर गेली होती, तर हात टेकवेना. माझ्याकडे किल्ली मागायला आली नाही. मी देणार नाही असं तिला वाटलं, आणि खरंच दिली नसती.

अप्पा कठड्याशी गेले. टोपी मी काढून घेतलेली. त्यांनी अंगातला सदरा काढला आणि खाली टाकला. डोअरकीपरनं वर पाहिलं. मी त्याला तुझी हकीकत हसण्यासाठी सांगितली होती, त्यानं ती मनात ठेवली होती. त्यानं सगळी दारं उघडली आणि म्हणाला, मशीन बिघडलंय, जरा हवा खाऊन या. लोक शिव्या देत, आळस देत बाहेर पडले. मी जिन्यात होतो. मला वाटलं, झालं, आज पुन्हा माझी कॉलर. मी असा संतापलो होतो की अप्पांना हाताला धरून फरफटत खोलीत नेलं असतं.

वर पोचलो तर कोठीच्या दाराखालून पिवळा धूर येत होता.

तेव्हा तरी मागं फिरायचं. तुझं दुसरं पत्र अजून आलेलं नव्हतं, पण पहिल्यात बारक्याकाकाचं सगळं लिहिलेलं होतं आणि मी ते तीनदा वाचलं होतं. तरीही मी दार उघडून आत गेलो. डबे बाहेर फेकले तर इमारत वाचेल असं वाटलं. एका डब्याला हात लावला, तो चिकटला. पुढच्याच क्षणी फळी फुटल्यासारखा आवाज झाला आणि समोर नुसता उजेड. डोळे मिटले ते उघडेनात. श्वास घेतला तर आत सुऱ्या गेल्यासारखं झालं. दार कुठल्या बाजूला आहे ते कळेना. मी खाली बसलो. मी मरणार हे मला अगदी साधेपणानं कळलं, आणि भीती अशी वाटली की आई ग म्हणायलाही तोंड उघडेना.

मग मानेला हिसका बसला. कुणीतरी माझी कॉलर धरली होती. मला ओढत होतं, पायऱ्यांवरून खाली, गुडघे आपटत. मला वाटलं डोअरकीपर, नाहीतर ऑपरेटर. मोकळ्या हवेत आल्यावर हात कुणाचा ते चाचपडून पाहिलं. हाडं आणि कातडी. वर उघडंच अंग.

ते ओरडत होते. नियम आहे ना, वर पेटलं तर ओरडायचं नाही. त्या दिवशी भर रस्त्यात, सगळ्या लोकांसमोर, घसा फुटेपर्यंत ओरडत होते. "बारक्या बाहेर आलाय. मी बघितलाय. मीच बघितलाय."

बाल्कनी गेली. छप्पर अर्धं खाली आलंय. पडद्याच्या बाजूची भिंत तेवढी उभी आहे. माणूस एकही गेला नाही, म्हणून तुमच्याकडच्या पेपरात आलं नसेल. धुरातून आम्ही दोघं एकदमच बाहेर पडलो, म्हणून मी वडिलांना आगीतून काढलं असं गावभर झालंय. लोक दवाखान्यात येऊन माझे पाय धरतात. मी खरं सांगायला जातो, तर म्हणतात, किती नम्र माणूस. हिला एकटीला खरं माहीत आहे. आता तुला.

त्या दिवसापासून अप्पा मला बारक्याच म्हणतात. माझं नाव सकाळीही येत नाही. मी दुरुस्त करत नाही. रात्री झोपेत माझा श्वास जरा घरघरला की उठून बसतात, माझ्या छातीवर कान ठेवतात. नर्स दार लोटायला आली तर तिच्यावर चिडतात. मलाही आता बंद दाराकडे पाठ करून झोपता येत नाही. हिला मी पायथ्याशी बसवून ठेवतो, आणि ती बसते. कोयंडा तोडल्याबद्दल मी तिला अजून काहीच बोललेलो नाही.

काल डोळ्यांची पट्टी सुटली. अप्पांचा चेहरा अगदी जवळ होता. हळूच, कुणी ऐकू नये अशा आवाजात त्यांनी विचारलं,

"दार कुणी लावलं होतं रे?"

कुठलं दार, शेडचं की त्यांच्या खोलीचं, ते मी विचारलं नाही. म्हणालो, "मी लावलं होतं, अप्पा."

मला वाटलं, आता मनगट सोडतील. सोडलं नाही. समजूतदार मुलाला सांगावं तसं म्हणाले,

"पुन्हा लावू नकोस. आत माणसं असतात."

तुझा,
बाळ